यंदा गंगापूर कॅन्सल

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीनं जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. याला उशीर म्हणत नाहीत. इतके दिवस मी मटेरियल जमवत होतो.

आजपासून लेकरांना दिवाळीच्या सुट्ट्या. संध्याकाळी गोकुळचा फोन. गोकुळ म्हणजे सुलेखाचा भाऊ. गंगापूरला शेती करतो आणि आमच्या दोन्ही लेकरांचा देव आहे. दर दिवाळीला पिकअप घेऊन येतो, बहिणीला आणि भाच्यांना घालून नेतो. मला सुट्टी नसते, मी इथं डबा लावतो. यंदाही तेच विचारायला फोन. दाजी, मुराळी म्हणून कधी येऊ?

फोन ठेवल्यावर गोदाला सहज विचारलं, आपल्या घरात तुला सगळ्यात जास्त कोण आवडतं? गोदा साडेचार वर्षांची आहे. म्हणाली, मामा. मी म्हणालो, मामा आपल्या घरात राहत नाही. तिनं विचार केला आणि म्हणाली, मग फ्रिज.

मी चिकलठाण्याला ऑटोपार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर रिजेक्शनची कारणं शोधतो. हे कारण चहा संपायच्या आत सापडलं. लेकरांना मामाचा सप्लाय जास्त, पप्पाचा कमी. उपाय: यंदा गंगापूर कॅन्सल. सुलेखा हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स, तिला लक्ष्मीपूजनापर्यंत ड्यूटी. मी उद्यापासून रजा टाकली. भाऊबीजेच्या आत दोघं स्वतःच्या तोंडानं म्हणतील, आम्हाला मामाकडं नाही जायचं, पप्पाजवळ राहायचंय. हे टार्गेट.

सुलेखाला सांगितलं. ती म्हणाली, बरं. एवढंच. मला तिचा हा 'बरं' कधीच आवडत नाही.

जेवताना गोदानं विचारलं, मुराळी म्हणजे काय? सुलेखानं सांगितलं, सासरी असलेल्या बाईला सणाला माहेरी न्यायला जो येतो, तो मुराळी. मग पप्पाला कोण येतं न्यायला? कुणी नाही, पुरुषांना मुराळी नसतो. गोदानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि स्वतःच्या ताटातली अर्धी पोळी उचलून माझ्या ताटात ठेवली.

सुरुवात चांगली आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

टाइमटेबल करून फ्रिजवर लावलं. (फ्रिजवर मुद्दाम. स्पर्धकाच्या छातीवर.) सहाला उठणे. सूर्यनमस्कार. वाचन. मोबाइल, टीव्ही शून्य.

शाळेच्या दिवशी पाय धरून ओढावं लागतं ती लेकरं आज पाचलाच उठून बसली. मी साडेआठला उठलो. सहा ही वेळ अंदाजे होती.

सूर्यनमस्कार. माझे दोन झाले. दुसऱ्यात खाली गेलो तो वर यायला थोडा वेळ लागला. गोदा पाठीवर बसली होती, तिला वाटलं हा खेळच आहे. सुदर्शन तिसरीत आहे, मोजायची जबाबदारी त्याच्यावर होती. तो 'आई गं' मोजत होता. नमस्कार दोन, आई गं अकरा.

दुपारी गोकुळचा व्हिडिओ कॉल. त्याच्याकडं आजच गाय व्याली. बरोबर वसुबारसेला! हा माणूस मुद्दाम करतो असं म्हणत नाही, पण योगायोगालाही लिमिट असते. लेकरं वासराला बघून किंचाळली. मग माझ्याकडं वळून, पप्पा, तुम्ही काय दाखवता?

उद्या विमान दाखवणार.

संध्याकाळी मोबाइल दिला. फक्त शैक्षणिक. सिमेंट कसं तयार होतं ते बघितलं. नंतर काय बघितलं ते मला सांगता येणार नाही, माझा डोळा लागला होता.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

दोघांना स्कूटरवर घेऊन विमानतळाच्या कंपाउंडजवळ गेलो. आमच्या मुकुंदवाडीहून जवळच आहे. मोक्याची जागा मला माहीत आहे, विमान अगदी डोक्यावरून जातं. रस्त्यात विमान कसं उडतं ते समजावून सांगितलं. सुदर्शननं एक शंका विचारली. ती चांगली होती. तिचं उत्तर नंतर देईन म्हणालो.

विमान आलं नाही. माझ्या डोक्यात जी वेळ होती ती गेल्या वर्षीची निघाली.

पण शेळ्या आल्या. एका म्हाताऱ्या बाबांनी गोदाच्या हातात करडू दिलं. गोदा इतकी खुश, इतकी खुश की मला वाटलं, जमलं. दिवस वसूल. घरी आल्यावर सुलेखानं विचारलं, विमान बघितलं का? गोदा म्हणाली, नाही, पप्पानं मामाचं घर दाखवलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज फॅमिली अ‍ॅक्टिव्हिटी दोन.

एक: आकाशकंदील. विकत आणणं म्हणजे हरणं. मी कंपनीतून पॅकिंगचा पुठ्ठा आणि बबल रॅप जपून ठेवलेला होता. दोन्ही लेकरांनी काम केलं, म्हणजे सुदर्शननं सूचना केल्या आणि गोदानं बबल फोडले. दुपारपर्यंत गॅलरीत टांगला. शेजारच्या सरूबाई खाली झाडत होत्या, वर बघून म्हणाल्या, काय व्हय, कुरिअरवाला पार्सल वरच अडकवून गेला का? त्यांची नजर आता कमी झाली आहे.

दोन: चकली. सुलेखा ड्यूटीवर. तिनं बजावलं होतं की आपण विकतच्या आणू. म्हणून तर करायच्या होत्या. व्हिडिओ लावला. मोहन किती घालायचं ते त्या बाईंनी सांगितलं तेव्हाच नेमका सुदर्शनला शू लागली आणि त्याला सोबत लागते. परत आलो आणि तेल अंदाजानं घातलं. जरा सढळ.

चकल्या तेलात पडल्या आणि हसल्या. म्हणजे विरघळून सुट्या झाल्या, त्याला हसणं म्हणतात हे मला आज कळलं. व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या, मोहन जास्त झालं की चकली हसते. गोदा लांबूनच टाचा उंच करून विचारत होती, पप्पा, त्या कुणाला हसायल्यात? सुदर्शन म्हणाला, कुणाला म्हणजे काय.

सगळा चुरा डब्यात भरला. चव बरोबर आहे. फक्त आकाराचं रिजेक्शन आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

पहाटे अभ्यंगस्नान. सुलेखानं सगळ्यांना उठवलं. मी म्हणालो, पाच मिनिटांत येतो. आलो तेव्हा ऊन पडलं होतं.

सुदर्शननं गोदाला सांगितलं की आज उशिरा आंघोळ करणारा माणूस नरकात जातो. गोदा दिवसभर माझा शर्ट धरून फिरत होती. तिची काळजी वेगळीच. पप्पा नरकात गेले तर आणायला कोण जाईल? पप्पांना तर मुराळीच नसतो!

मी सांगितलं, मी तुला सोडून कुठंच जात नाही. गळ्यात पडली. खरं सांगतो, एवढा आनंद मला प्रमोशनला झाला नव्हता. टार्गेट टप्प्यात आलं आहे.

दुपारी. एक अपडेट. घरातलं कुणीच नरकात जाऊ नये म्हणून गोदानं टीव्हीच्या रिमोटला आणि माझ्या मोबाइलला उटणं लावून आंघोळ घातली. कोमट पाण्यानं. पुसलंही होतं. तिनं काळजी घेतली होती हे मान्य करायला पाहिजे.

मोबाइल तांदळात ठेवला आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

सकाळचा वेळ थोडक्यात. भुईचक्राचा एकच डबा, लेकरं दोन. सुदर्शन म्हणाला मोठा मी. गोदानं त्याला चावलं. त्यानं तिचा किल्लीचा उंदीर गॅलरीतून फेकला, तो सरूबाईंनी वर आणून दिला. मी दोघांना समोर बसवून भांडणाचं मूळ कारण शोधायला सुरुवात केली. का चावलीस? तो ओरडला म्हणून. का ओरडलास? ती चावणार होती म्हणून. आम्ही तिथंच गोल फिरत राहिलो. टीव्ही लावावा तर रिमोटला उटण्याचा वास आणि बटणं मुकी. मग मी बाथरूममध्ये गेलो आणि बादली उलटी करून तिच्यावर जरा बसलो. बाहेरून दोघांनी मिळून दार वाजवलं. भांडण मिटवायची ही माझी पद्धत यशस्वी झाली, दोघं एका बाजूला आली.

चारला सुलेखा आली. पर्स ठेवली, माझं तोंड बघितलं आणि स्वतःचा फोन पुढं केला. गोकुळचा नंबर आधीच लागलेला होता.

मी त्याला बोलावलं नाही. मी फक्त विचारलं, उद्या काय करायलास? तो म्हणाला, काय नाय दाजी, येऊ का? मी म्हणालो, तुझी इच्छा.

याला हार म्हणत नाहीत. भाऊबीजेला बहिणीनं माहेरी जाणं ही परंपरा आहे. परंपरेच्या मधे मी कशाला येऊ?

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

सुलेखानं ओवाळलं. गोदा पायात चपला घालूनच शेजारी उभी.

गोकुळ आला. चहाबरोबर त्याला चकल्यांचा चुरा दिला. चमच्यानं खाल्ला. दाजी, चिवडा लई भारी झालाय, म्हणाला. चांगला माणूस आहे, त्याचाच तर प्रॉब्लेम आहे.

सुलेखा म्हणाली, तुम्हीही चला. यंदा तर रजा आहे. मी म्हणालो, नको, मला कंपनीच्या ऑडिटची तयारी करायची आहे. (ऑडिट मार्चमध्ये.) शिवाय जावयानं न बोलावता जाणं बरं दिसत नाही. ती म्हणाली, मी बोलावतेच आहे ना? मी म्हणालो, तू माहेरवाशीण, तुझं धरत नाहीत.

लेकरं पिकअपमध्ये उड्या मारून बसली. कुणी मागं बघितलं नाही. गोदा एकदा पळत परत आली. मी खाली बसून हात पसरले. ती बाजूनं आत गेली, किल्लीचा उंदीर घेतला आणि गेली.

आता घर शांत. किती दिवसांनी! खूप कामं होतील.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

पाचला जाग आली. कुणी उठवलं नाही. नुसताच पडून राहिलो. फ्रिजचा आवाज येतो हे मला माहीतच नव्हतं.

टाइमटेबलप्रमाणे सूर्यनमस्कार. दोन. मोजायला कुणी नाही. पाठीवर वजन नसलं की मजा येत नाही, बॅलन्स जातो.

मोबाइल तांदळातून काढला. चालतो, फक्त समोरचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. पुण्याच्या ताईनं व्हिडिओवर ओवाळलं. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं ते तिच्या मोबाइलला लागलं.

गंगापूरला फोन केला. सहज. गोदा म्हणाली, पप्पा, मी बिझी आहे. परत केला, वासराची तब्येत विचारायला. सुदर्शन म्हणाला, बरी आहे. परत केला, तेव्हा सासूबाईंनी उचलला. त्यांना काय विचारावं ते सुचेना, म्हणून पाऊसपाणी विचारलं.

जेवायला चुरा.

बॅग काढून दोन शर्ट भरून ठेवले. कुठं जायचं म्हणून नाही. कपाट आवरत होतो, शर्ट ठेवायला जागा नव्हती.

लेकरांशिवाय करमत नाही. लिहून टाकलं. ही डायरी कुणी वाचत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

अकराला दार वाजलं. उघडलं तर गोदा. डोक्याला मामाचा टॉवेल फेट्यासारखा गुंडाळलेला, एक डोळा त्याच्याखाली. मागं गोकुळ.

गोदा म्हणाली, पप्पा, मी मुराळी आले. चला.

मी सांगितलं की मला ऑडिट आहे. ती सोफ्यावर जाऊन पाय सोडून बसली आणि म्हणाली, मुराळ्याला आधी चहा देतात. चहा म्हणजे दूध दिलं. बशीत ओतून फुर्रर्र करून प्यायली, अगदी मामासारखी. मग विचारलं, तुमची बॅग कुठं आहे?

बॅग भरलेली होती. काय करणार! आलेला मुराळी रिकामा पाठवणं बरोबर नाही, आमच्यात तसं करत नाहीत.

गोकुळ जिना उतरताना म्हणाला की विहिरीवरची मोटार जळाली होती, रिवाइंडिंगला टाकायला तसंही इकडं यायचंच होतं. हा भाग मी रेकॉर्डवर घेत नाही.

पिकअपमध्ये पुढं तिघं बसलो. गोदा माझ्या मांडीवर. रस्ताभर हात सोडला नाही. म्हणाली, घाबरू नका, नवीन घरी पहिल्या दिवशी तसं वाटतं. मी म्हणालो, बरं. टार्गेट असं होतं की लेकरं म्हणतील, पप्पाजवळ राहायचंय. हे त्याच्याच जवळपास आहे. थोड्या टॉलरन्सनं पास करता येईल.

गंगापूर, संध्याकाळ

अंगणात सासूबाई तुकडा ओवाळून टाकायला भाकरी घेऊन उभ्या होत्या. सुलेखा दारात तोंडाला पदर लावून हसत होती. सुदर्शन वासराला धरून आला. सासूबाईंनी गोदाला विचारलं, काय गं मुराळी, कुणाला आणलंस?

गोदा म्हणाली, एक लेकरू घरी राहिलं होतं. रडायलं होतं. आणलं.

मी रडत नव्हतो. पिकअपची काच वर होत नाही आणि रस्त्याला धूळ लई आहे.