विहिरीवरची जास्वंद

प्रिय समीक्षा,

दापोलीला पोचल्यावर फोन करते म्हणाली होतीस, त्याला कितीतरी पावसाळे लोटले. रागावले नाही हो मी. फोनवर माझं धड काही निघत नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडं आहे, शाळेची पायरी न चढता शिकलेलं, सांभाळून घे.

आपल्या भाट्याच्या वाडीत अंगणवाडीच्या काशीताईने नवीनच काढलंय. कुणाकडे काही मागण्याआधी, पोरांच्या अंगाला आणि मनाला मानवेल असं वाडीत काय आहे, काय कमी आहे, ते आपणच बघायचं. देवळापुढे रांगोळीने अख्खी वाडी काढली. पोरांनी आवडत्या जागेवर जास्वंद ठेवायची, भीती वाटते तिथे कोळसा. धोंडूभावजी बोललेच, "पोरांना काय विचारता? चॉकलेटचं झाड लावा म्हणतील!" मग पहिला कोळसा पडला त्यांच्याच दारावर, कुत्र्याच्या भीतीने. तोंड बघायला हवं होतंस! माझ्या पायरीवर खोबऱ्याच्या वडीपायी दोन-चार फुलं आली, मी आपली फुगले. पण उरलेली सगळी जास्वंद पोरांनी एकाच ठिकाणी रचली. पोफळीतल्या जुन्या विहिरीवर.

तुझा ऋत्विक तिथे बुडाल्यापासून मोठं माणूस तिकडे फिरकत नाही, त्याचं नावही काढत नाही. ही पोरं तर तेव्हा जन्मलीही नव्हती. काशीने विचारलं, तिथे काय आवडतं गं? अजिंक्यची आरोही म्हणाली, "मांदेल्या असतो ना. तो वर येत नाही, आम्हालाच वाकायला लागतं."

मांदेल्या. लाडाने मी ऋत्विकला म्हणायची ते तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

विहिरीसाठी लोखंडी जाळी करून आणली. बसवायला गडी गेले तर पोरं रडून रडून तापाने फणफणली, "तो आत अडकेल" म्हणून. न बसवावी तर उद्या एखादं वाकता वाकता... आप्पा गुरव म्हणाले, पोर कुठे भ्यालं की त्याचा जीव तिथेच अडकतो, मग आई त्या जागी जाऊन "चल घरी" म्हणते आणि मागे न बघता परतते. ह्याला तशी हाक कुणी मारलीच नाही. कशी मारणार होतीस बाय, तू तेव्हा भानावर तरी होतीस का? काल दुपारी मीच जाऊन मारली. पाणी गप्प. आरोही माझ्या मागोमाग कधी आली कोण जाणे, खाली बघून म्हणाली, "तू नको म्हणतो. आई पाहिजे."

म्हणून हे पत्र. मिळेल ती एसटी धर आणि ये. जाळी काठाला टेकवून ठेवलीय, पोरांना आम्ही आळीपाळीने राखतोय, पण ती डोळा चुकवतात. येताना त्याचा निळा स्वेटर आण, त्याला गार लागतं. तो उशाशी घेऊन निजतेस, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. आरोहीने सांगितलं.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून बसलेली,
मालनमावशी