कुटं निघालीस?

मंगळवार, संध्याकाळ

डाव्या स्तनात गाठ लागतेय, हे आठवडाभर मनातच ठेवलंय. घरचा मोबाइल सगळ्यांच्या हातात, त्यावर काय शोधणार? तुंगार्लीच्या ऑफिसात वायफायवर माहितीची साइट उघडेना. 'स्तन' शब्द दिसला की अश्लील म्हणून बंद!

आज सोबतच्या रेश्माने तिच्या लॅपटॉपवर वेगळाच ब्राउझर उघडून दिला. म्हणाली, "हा तीन देश फिरून जातो. साइटला कळत नाही तू कुठली, ऑफिसला कळत नाही तू कुठं गेलीस." आणि उघडली की! साइटला वाटलं, मी रोमानियात आहे. मी, तिकोणा पेठेची! आमच्याकडे उंबऱ्याबाहेर पाय टाकला की 'कुटं निघालीस?' ठरलेलं. जन्मात पहिल्यांदा न सांगता कुठंतरी जाऊन आले. अजून अंगावर काटा आहे.

बऱ्याच गाठी साध्या असतात, पण डॉक्टरांना दाखवाच, असं तिथं लिहिलंय.

एसटीतून उतरले, तर शेजारचे आबा समोरच. "कुटं गेलतीस गं?"

"रोमानियाला, आबा."

"लय लांब. दमली असशील."

उद्या दवाखाना. तो रोमानियाहून लांब वाटतोय. निघताना कुणीतरी विचारावं, कुटं निघालीस?