येतंय, म्हणाले मी

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शाळेच्या आवारात पाय टाकला की माझ्या तोंडात अजून 'गुरुजी'च येतं. घरी अण्णा आणि शाळेत गुरुजी, ही तुमचीच सक्ती. एकदा वर्गात चुकून 'अण्णा, पाणी' म्हणाले, तर तुम्ही ऐकलंच नाही असं करून फळ्याकडं वळलात, आणि मी घंटा होईपर्यंत तहानलेली बसले. लई राग आला होता तेव्हा. आता मी स्वतःच वीस-बावीस वर्षं झाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून राहिले, आणि मला लेकरं 'मॅडम' म्हणतात. तुम्हाला हा शब्द मुळीच आवडला नसता. पण आज त्यावरून हुज्जत घालायला बसले नाही मी. एक गोष्ट सांगायची आहे आणि ती घरात सांगून भागलं नाही. नवऱ्याला सांगितली, तर तो जेवता जेवता म्हणाला, सोड की, सगळेच करतात. सगळेच करतात हे मला काय ठाऊक नाही? म्हणून तर तुम्हाला लिहायला बसले.

माझी शाळा लातूरला अगदी खेटून आहे. मी इथं बदलून आले तेव्हा हे गाव होतं, भोवती तुरीची रानं होती. आता प्लॉटिंग होऊन शहरच अंगावर आलंय. शाळेच्या भिंतीपलीकडं मोठमोठ्या क्लासेसचे बोर्ड आहेत, त्यावर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींचे फोटो. कुठून कुठून लेकरं शिकायला या शहरात येतात, अण्णा, आणि त्या बोर्डाच्या सावलीत बसणारी माझी चौथीतली लेकरं जोडाक्षर आलं की माझ्या तोंडाकडं बघतात. चार वर्ग आणि आम्ही दोघं, मी आणि हेडमास्तर. त्यातले हेडमास्तर निम्मे दिवस तालुक्याला मीटिंगला, आणि उरलेले निम्मे मोबाइलवर माहिती भरत बसलेले. मीही भरते. खिचडी किती जणांनी खाल्ली, हात धुतले का, झाड लावलं का, लावलं तर त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढला का. तुम्ही असता तर म्हणाला असता, पोरी, कारणं सांगू नकोस. बरं, नाही सांगत.

वरून शाळा बघायला कोणी येणार म्हटलं की आम्ही काय करतो ते सांगते. पुस्तकातला एक धडा निवडतो. मी पुढं म्हणायचं, लेकरांनी मागं. आठ-दहा दिवस सकाळ-दुपार तेच. मग लेकराच्या हातात पुस्तक दिलं की ते बोट फिरवत घडाघडा म्हणतं. त्याचा व्हिडिओ काढायचा, वर पाठवायचा, रजिस्टरला नावापुढं 'वाचन येते' लिहायचं. शाळेच्या दारावर आमच्याकडं 'प्रगत शाळा' असं निळ्या रंगात रंगवलेलं आहे. रंगाचा खर्च हेडमास्तरांनी स्वतः केला, अगदी हौसेनं. पहिल्या वर्षी मला झोप लागली नव्हती. दुसऱ्या वर्षी लागली.

तुम्ही मला तिसरीत कसं पकडलं होतं, ते आठवतं? कंधारजवळचं ते गाव, शाळेची ती एकच लांब खोली, आणि तपासणीला साहेब आलेले. मी गुरुजींची मुलगी, म्हणून साहेबांनी मलाच आधी उभं केलं. मी पुस्तक उघडून ऐटीत वाचायला लागते. साहेब मान डोलावतात. आणि तुम्ही खिशातून ती साबणाच्या खोक्याची पुठ्ठ्याची खिडकी काढता, मधोमध एक चौकोन कापलेली, आणि माझ्या पानावर ठेवता. चौकोनातून एकच शब्द दिसतो. वाच, म्हणता. मी वाचते. खिडकी सरकवता. मी वाचते. तिसऱ्या शब्दाला माझी दातखीळ बसते. आईनं घरी इतक्या वेळा धडा म्हणून दाखवला होता की मला पानाकडं बघावंच लागत नव्हतं. साहेब म्हणाले, जाऊ द्या गुरुजी, लेकरू घाबरलं. तुम्ही म्हणालात, "घाबरलं न्हाई साहेब. तिला येत न्हाई. चूक माझी हाय." आणि सगळ्यांच्या देखत रजिस्टरला माझ्या नावापुढं लिहिलंत, 'वाचन येत नाही'.

आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. पोटच्या पोरीची अशी शोभा करतं का कोणी, असं ती शेजारणीला सांगत होती, तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तिसऱ्या दिवशी तुम्ही चुलीपाशी तिच्या शेजारी मांडी घालून बसलात, परातीतलं ज्वारीचं पीठ हातानं सपाट केलंत आणि मला म्हणालात, काढ अक्षर. रोज संध्याकाळी हेच. आई फणकारायची, पीठ सांडून राहिले दोघं बापलेकी, आणि मग तेच पीठ गोळा करून भाकरी थापायची. एकदा म्हणाली, घे, तुझा 'क्ष' भाजला, आता खाऊन तरी येतो का बघ. तुम्ही किती हसलात त्या दिवशी. दिवाळीच्या आत मला वाचता यायला लागलं, आणि तुम्ही रजिस्टरवरची ती ओळ खोडली नाहीत, तिच्याखाली नवी लिहिलीत. तुमचा राग माझ्या मनातून गेला तो मी स्वतः शिक्षिका झाल्यावर. तेही तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तर झालं असं. गेल्या महिन्यात शनिवारी शाळा सुटल्यावर पालक आले. मीटिंग आम्ही बोलावली नव्हती, तेच आले होते. पुढं होता तो एका इंग्लिश स्कूलच्या पिवळ्या बसचा ड्रायव्हर. दुसऱ्यांची लेकरं रोज त्या शाळेत सोडायची आणि स्वतःचं इथं, असं त्याचं चाललेलं. माणूस भांडखोर नाही, उलट हात जोडूनच बोलत होता. सासुरवाडीला पाहुण्यांनी लग्नपत्रिका त्याच्या चौथीतल्या मुलापुढं धरली आणि वाच म्हणाले, तर मुलाला नवरीचं नाव लागेना. सगळे हसले. "मॅडम, मी कमी शिकलो म्हणून मला हसले असते तर चाललं असतं," तो म्हणाला. मग दुसऱ्या एकानं विचारलं की तुमची स्वतःची लेकरं कोणत्या शाळेत आहेत. हेडमास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. मी म्हणाले, इंग्लिश मीडियमला. खरं होतं ते बोलले, तेवढं एक. त्यानंतर कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. तीन जणांनी शाळा सोडल्याचे दाखले मागितले. हेडमास्तर दाखल्याचं पुस्तक काढून लिहायला लागले.

अण्णा, पट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पण तुमच्या वेळी पट वाढवायला तुम्ही वस्तीवर फिरायचात, आणि आता पट घटला की आमची जागा जाते. तिघं दाखले मागणार अशी कुणकुण लागून त्या सकाळीच हेडमास्तरांनी हिशेब मांडून दाखवला होता. तीन गेले तरी कसंबसं निभतं, चौथं गेलं की एक शिक्षक अतिरिक्त. अतिरिक्त म्हणजे मी, आणि माझी रवानगी कुठं तर शिरूर अनंतपाळच्या पलीकडच्या एखाद्या वाडीवर. माझ्या मुलाचं पुढचं वर्ष दहावीचं. हे डोक्यात ठेवून मी तिथं उभी होते.

तेवढ्यात मागं उभी असलेली एक बाई पुढं आली. क्लासेसच्या पोरांची मेस आहे तिथं ती दिवसभर पोळ्या लाटते, पहाटेपासून. तिच्या मनगटावर तव्याचे डाग आहेत. नवरा नाही. ती रोज त्या शिकणाऱ्या पोरींना वाढते आणि घरी येऊन आपल्या लेकीकडं बघते, एवढंच तिचं सगळं. लेक चौथीत, सगळ्यात शांत, सगळ्यात व्यवस्थित वेणी घातलेली. बाई म्हणाली, मला सही बी करता येत न्हाई, म्हणून मी इचारते, माझ्या पोरीला तरी वाचता येतं का? आणि तिनं लेकीला पुस्तक उघडायला लावलं.

पोरीनं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. विहिरीचा धडा. तपासणीला घोकून घेतलेला, माझ्याच आवाजात, मी जिथं श्वास घेते तिथं श्वास घेऊन. बोट ओळीवरून बरोबर सरकत होतं. मी तिच्या शेजारीच उभी होते. तिच्यापुढचं पान विहिरीच्या धड्याचं नव्हतं. पुढचं होतं, नुसत्या प्रश्नांचं. समोरच्या कोणाला पान दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी आईला कळलं नसतं. आईचे डोळे भरून आले होते. बसवाला मान खाली घालून ऐकत होता, त्याला वाटलं असेल की आपलाच मुलगा ढ. धडा संपला. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं,

"मॅडम, खरं सांगा. येतंय ना हिला? का हिचा बी दाखला काढू?"

"येतंय," म्हणाले मी.

नवऱ्याला मी सांगितलं की त्या बाईचे डोळे बघून माझ्यानं नाही म्हणवलं नाही. त्याला ते पटलं. मैत्रिणीलाही तसंच सांगितलं, तिनं माझा हात धरला. पण तुम्हाला कसं सांगू तसं? मी त्या बाईच्या डोळ्यांकडं बघतच नव्हते, अण्णा. मी हेडमास्तरांच्या हातातल्या दाखल्याच्या पुस्तकाकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, तीन, तीनच. पोरगी धडा म्हणत होती तेव्हाही मी तेच म्हणत होते. ती बाई मला हात जोडून गेली. पुढच्या आठवड्यात बसवाल्याचा मुलगा, आणखी दोघं, दप्तर पाठीला लावून पिवळ्या बसमध्ये बसून शाळेवरून गेले. त्यांनी मला हात केला. त्यांना तिथं तरी कोणी शिकवतंय का, कोण जाणे. त्यांच्या आईबापांनी निदान विचारलं आणि खरं ऐकून गेले. हिच्या आईनंही विचारलं होतं.

तेव्हापासून मी रोज मधल्या सुट्टीत तिला थांबवते. शाळा सुटल्यावर थांबवली तर आई विचारेल, कशाला बसवलं, येतंय म्हणालात ना. म्हणजे बघा, शिकवायचं तेही चोरून. लेकरं खिचडीच्या ओळीत असतात तेव्हा आम्ही दोघी मागच्या खोलीत. पहिल्या दिवशी मी पाटीवर 'घर' लिहिलं. ती पाटीवर बोट फिरवत हळूच विहिरीच्या धड्याची पहिली ओळ म्हणाली. मी म्हणाले, ते नको, हे वाच. तिनं 'धर' म्हटलं. चार वर्षं माझ्यासमोर बसलेली पोरगी, आणि मला तिचं इतकंही ठाऊक नव्हतं की तिला 'घ' आणि 'ध' वेगळे दिसत नाहीत. दहा दिवस गेले तसे. थोडं येतंय, थोडं जातंय. उन्हाळ्याच्या सुट्टीला आता फार दिवस उरले नाहीत, आणि पाचवीला ती दुसऱ्या शाळेत जाणार. तिथं पहिल्याच दिवशी कोणीतरी तिला उभं करणार.

काल मला राहवलं नाही. तिच्यापुढं बसले आणि म्हणाले, बाळा, त्या दिवशी मॅडमचं चुकलं. तुझ्या आईला मी बरोबर सांगितलं नाही. एवढं बोलायला मला किती बळ एकवटावं लागलं ते तुम्हीच समजू शकाल, तुम्ही तर साहेबांपुढं एका दमात बोलला होता. मला वाटलं पोरगी रडेल, नाहीतर काही न कळून नुसती बघेल. तिनं आधी दाराकडं बघितलं, कोणी नाही ना म्हणून. मग माझ्या जवळ सरकली.

"मला ठावं हाय मॅडम," ती म्हणाली. "पान दुसरंच उघडलं होतं. तुम्ही मायला सांगितलं न्हाई, लई बरं केलं."

आणि माझ्या हाताला हात लावून खिचडीच्या ओळीत पळाली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही आणि असता तरी मी टाकलं नसतं. तुम्ही ते वाचून चष्मा काढून नुसता पुसत बसला असता, आणि ते मला सोसलं नसतं. पण लिहायला बसलेच आहे, तर शेवटचं तेवढंही लिहिते. ती असं म्हणाली तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. ती मागाहून वाटली, आजही वाटून राहिली. पण त्या घटकेला, अण्णा, मला बरं वाटलं.