यंत्र बिघडलेलं नाही

बुधवार, १४ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे, गाडीही बरीच म्हणायची. चढावर तापते, मग बॉनेट उघडून आम्ही दोघं निवत बसतो. काल तिथेच एका मेंढीने माझी टोपी चघळली. तशी ती टोपी... असो, टोपीचं राहू दे.

तुझा निरोप मिळाला. विद्यापीठात तुमच्या पडद्यावर दिसलंय की माझ्या गावात तुझा गणिताचा धडा सारखा मध्येच बंद पडतो, आणि सोमवारी समिती बघायला येणार. "यंत्र बिघडलं होतं एवढं लिहून दे, बाकी मी निस्तरते," म्हणतेस. गाडीतून पडदा नेऊन शाळेत तुझे धडे दाखवायची ही नोकरी तूच लावून दिलीस, म्हणून निस्तरणंही तुझ्याच गळ्यात. कळतं मला.

पण ताई, यंत्र ठणठणीत आहे. धडा मी थांबवतो.

पहिल्या दिवशी तू पडद्यावर आलीस तशी सातवीची पोरं उठून उभी राहिली. तू 'बसा' म्हणेनास, म्हणून बराच वेळ उभीच. मग तू अपूर्णांकांचा भागाकार शिकवलास, उलटं करून गुणायचं म्हणून. 'समजलं ना?' असं विचारून जरा थांबलीस. अख्खा वर्ग म्हणाला, 'नाही.' तू म्हणालीस, 'छान,' आणि पुढे गेलीस. आता इथे कुणी सायकलवरून पडलं तरी पोरं 'छान' म्हणतात. कीर्ती आहे तुझी.

पुढच्या बाकावर एक ठेंगणी बसते. तिने मला विचारलं, "दादा, उलटं का करायचं?"

"बाईंनी सांगितलं म्हणून."

"मग त्यांना विचारा ना."

"अगं, हे आधीच रेकॉर्ड केलंय. त्यांना ऐकू येत नाही."

"मग थांबवा त्यांना. आपण बघू."

थांबवलं. गाडीतली दोरी आणली. तीन मीटर दोरीत अर्ध्या मीटरचे तुकडे किती? पोरांनी कापूनच बघितले, दोरी गेली कामातून. सहा निघाले. ठेंगणी म्हणाली, "एका मीटरात दोन बसतात, म्हणून दोनने गुणायचं. एवढंच होय?"

मी तिच्याशेजारी बाकावरच बसलो. पुढचं गणित त्यांच्याबरोबरच सोडवायला घेतलं.

तू घरी मला शिकवायचीस तेव्हाही 'समजलं ना?' असंच विचारायचीस. मी हो म्हणायचो, कारण कॉलेजातून तू दमून आलेली असायचीस. घरात सगळे म्हणतात, याचं शाळेत लक्षच नव्हतं, पायाला भिंगरी. लक्ष होतं, ताई. समजलं नव्हतं.

तुझ्यावर राग नाही. पण ही पोरं माझ्यासारखी हो म्हणून उठून जातील, हे मी होऊ देणार नाही. बिघाडाचं लिहून देणार नाही, माफीही नाही. समितीसमोर धडा लावीन आणि पोरं म्हणतील तिथे बंद करीन. तू येशील तर पाहुण्यांच्या खुर्चीत बसू नकोस, फळ्याशी उभी राहा. ठेंगणीचा पुढचा प्रश्न तयार आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही.

कामावरून काढायचं ठरलं तर गाडी, पडदा, काय न्यायचं ते न्या. मी इथून हलत नाही. माझा धडा अर्धा राहिलाय.

तुझा धाकटा भाऊ,
इयत्ता सातवी