दारातली फियाट

१७ एप्रिल १९८४, मंगळवार
आज पुन्हा यांचं ताट परत. दोन घास गेले, तिसरा थुंकला. तोंड पुसायला गेले तर मान भिंतीकडे.

अडीच महिने झाले. अर्धांगानं डावा हात गेला, डावा पाय गेला. बोलता येतं – जड, तोंडात गोटी धरल्यासारखं – पण बोलत नाहीत. डॉक्टर आज मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, "बाई, यांना जगायचंच नाहीये. मी औषध कशावर देऊ?"

खिडकीतून गाडी दिसते. चौदा वर्षं नाशिकरोड स्टँडवर टॅक्सी चालवली यांनी, ही दुसरी फियाट. जानेवारीत क्लच जळाला. चौघांनी ढकलत दारात आणून लावली. "रविवारी घरीच गिअरबॉक्स उतरवतो," म्हणाले. शनिवारी सकाळी मोरीत दात घासताना पडले.

१८ एप्रिल
गेणूभाऊजी आले होते – यांचे धाकटे भाऊ, एकलहऱ्याला पावरहाऊसात फिटर. म्हणाले, "वहिनी, ती गाडी भंगारात द्या. बघून बघून झुरतोय दादा."

मी म्हणाले, दुरुस्त केली तर? भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं! शाळामास्तरीण, साधा फ्यूज बदलता येत नाही.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. इतक्या दिवसांत पहिलंच पुरं वाक्य –

"क्लच दाबायचा पायच मेला. क्लच कुणासाठी?"

खरंच. कुणासाठी?

२३ एप्रिल
पेपर तपासले. जेवण नाही. त्यांचंही, माझंही.

२ मे, बुधवार
सुट्टी लागली. आता दिवसभर मी, हे आणि ती भिंत. आज सकाळी उठून यांची जुनी खाकी पँट चढवली, कमरेला सुतळी बांधली आणि गाडीपाशी गेले. का ते माहीत नाही. काहीतरी करायला हवं, नाहीतर मीही भिंतीकडे तोंड करून बसेन.

भाऊजींनी जॅक आणला, लाकडाचे चार ठोकळे आणले. गाडी उचलली. त्यांची रजा एवढीच – अर्धा दिवस. जाताना कोणते नट ढिले करायचे ते खडूनं खुणा करून दाखवले. खडू माझाच!

शेजारच्या ठमाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. "मास्तरीण, बाईमाणसानं गाडीखाली शिरायचं व्हय? लय झालं आता. इकून टाक."

खाली गेले. डोळ्यांत माती पडली. एकही नट हलला नाही.

३ मे
दोन नट.

४ मे
एकही नाही. रॉकेल ओतून ठेवलंय. पाना निसटून गालावर बसला. आत गेले, यांनी गाल पाहिला, मान भिंतीकडे वळवली.

६ मे, रविवार
गिअरबॉक्स उतरवला. भाऊजी खाली, मी बाजूनं धरून. खाली जुनी गादी टाकली होती. शेवटी हातातून सुटलाच आणि माझं बोट गादीच्या काठावर सापडलं. नख काळं पडलंय. भाऊजी म्हणाले, "वहिनी, अजून वेळ गेलेली नाही. भंगारवाल्याला बोलवू?"

मी नाही म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

७ मे
क्लचप्लेट काढली. ताटलीएवढी गोल, काळीठिक्कर. घासून घासून आतले रिबिट उघडे पडलेत. आत नेऊन यांच्या मांडीवर ठेवली. दुसरं काय करू? रोज ताट ठेवते, आज ही ठेवली.

उजव्या हातानं उचलली. फिरवली. नाकाशी नेली! मग – "फ्लायव्हील बघितलंस?"

मला फ्लायव्हील म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. म्हणाले, "इंजिनाच्या पाठीला चाक असतं, जाड. प्लेट त्यावरच घासते. बोट फिरव. खाच लागते का?"

गेले, बोट फिरवलं. खाच नाही – खाचाच खाचा. निळे डागही. सांगितलं. यांनी डोळे मिटले. "मग तेही बदल."

संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली. अर्धी!

९ मे
फ्लायव्हील शबनम पिशवीत घालून बसनं अंबडच्या कारखान्यांकडे नेलं. खांदा निखळायचा बाकी होता. कंडक्टर म्हणाला, "बाई, पिशवीत दळायचं जातं आहे का?"

देवराम म्हणून एक टर्नर आहेत, यांच्या ओळखीचे. लेथवर चढवायच्या आधी हातोडीनं हलकं वाजवून पाहिलं. मान हलवली. "तडा आहे, बाई. हे घासून बसवलंत आणि जोरात फिरताना फुटलं, तर पाय तोडील माणसाचा. दुसरं बघा." मग हळूच – "झुंबरशेठ बोलतात का आता?"

बोलतात, मी म्हणाले. क्लचबद्दल.

१२ मे
तीन दिवस भद्रकालीतल्या जुन्या सामानाच्या दुकानांत. ट्रकची आहेत, जीपची आहेत, आपलं नाही. ऊन असं की डांबर चपलेला लागतं. घरी आले की हे पहिलं विचारतात – "मिळालं?" नाही म्हटलं की भिंत. पुन्हा जेवण बंद. मीच चूक केली. आशा दाखवली आणि काढून घेतली.

१४ मे
मिळालं. मोडलेल्या गाडीचं. दुकानदारानं वाजवून दाखवलं – घंटेसारखं वाजलं.

१५ मे, मंगळवार
बुद्धपौर्णिमा. विहारात गेले नाही. हाताचं ऑइल निघेना आणि पांढरी साडी नेसायची हिंमत झाली नाही. ठमाबाईंनी खीर आणून दिली. यांनी खाल्ली. चमच्यानं, स्वतः.

"किती दिवस लागतील अजून?" विचारत होते. दुपारी दोनदा, संध्याकाळी एकदा.

१६ मे
खाट खिडकीला लावली. हे आतून सांगतात, मी गाडीखालून "हो" म्हणते. फ्लायव्हीलचे बोल्ट – "एक वरचा, मग समोरचा खालचा. सलग आवळू नको, वाकडं बसेल." पोरांना पाढे शिकवावेत तसं शिकवतात. मग भद्रकालीतून आणलेली नवी प्लेट. ती बरोबर मधोमध बसायला हवी, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा आत जाणार नाही. दांडा कुठून आणू? "लाटणं आण," म्हणाले. विळीवर लाटणं तासून दिलं, त्यांनी तपासलं, पुन्हा तासलं. बसलं!

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. इतकं बोलणं एका दिवसात कधी झालं होतं, आठवत नाही.

१७ मे
गिअरबॉक्स चढत नाही.

१८ मे
चढत नाही.

२० मे, रविवार
भाऊजी आले, शेजारचे दोघे आले. चार तास. बोटभर फट राहते, पुढे जात नाही. खिडकीतून हे ओरडत होते – "हलव! डावीकडे! अगं डावीकडे!" शेवटी स्टीलचा पेला फेकला. गजाला लागून आतच पडला. "तुला जमणार नाही! सांगितलं होतं!"

नव्हतं सांगितलं. पण खरं आहे. जमणार नाही.

भाऊजी जाताना म्हणाले, "पुरे करा, वहिनी." मी गाडीच्या सावलीत बसून राहिले. रडू येईना. रडायचीही ताकद लागते.

२१ मे
काही केलं नाही. कपडे धुतले.

२२ मे
आज यांनीच हाक मारली. "प्लेटचा फुगीर भाग कुठल्या बाजूला होता?" आठवून सांगितलं. इंजिनाकडे.

यांनी उजवा तळवा पालथा करून बघितला. मग – "उलटी बसवलीस."

सगळं पुन्हा उघडायचं. मला हसू आलं. वेड्यासारखी हसले. हे नाही हसले. "चूक माझी. मी विचारायला हवं होतं," म्हणाले. यांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं.

२६ मे, शनिवार
गिअरबॉक्स बसला! गाडी ठोकळ्यांवरून उतरवली. भाऊजींनी किल्ली फिरवली. भाऊजींना चालवता येत नाही – फक्त सुरू करून, क्लच दाबून, पहिला टाकून हळूच पाय उचलला. गाडीनं हातभर उडी मारली आणि बंद पडली. पण पकड घेतली! क्लचनं पकड घेतली! ठमाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

पळत आत गेले. हे भिंतीकडे तोंड करून रडत होते. जेवले नाहीत.

मला वाटलं होतं, गाडी सुरू झाली की माणूस उठेल. गाडीच सुरू झाली.

२८ मे
"तू शीक," म्हणाले. "काय?" "चालवायला. लवकर शीक."

३० मे
खुर्चीत बसवून तिघांनी यांना गाडीत नेऊन ठेवलं, माझ्या डाव्या बाजूला. शिकाऊ लायसन काढलं आहे. मैदानात सहा वेळा बंद पाडली. यांनी एकदाही आवाज चढवला नाही. "क्लच हळू सोड. चिमणी हातातून सोडतेस असं सोड." माझ्या पायाकडे बघत होते सारखे.

४ जून
देवळाली कॅम्पपर्यंत. परतीला यांनी उजवा हात माझ्या गिअरच्या हातावर ठेवला, काढलाच नाही. मी आज पंचेचाळीस वर्षांची बाई आहे की अठराची, कळेना. पण रात्री यांनी पोळी अर्धीच खाल्ली. डॉक्टर म्हणतात ब्लडप्रेशर उतरत नाही, दुसरा झटका कधीही येईल. किती दिवस मिळतील?

९ जून
"उद्या लासलगावला ने. एकाला भेटायचंय." म्हटलं, इतकं लांब, भाऊजींना सोबत घेऊ. "गेणूला नको. तूच ने."

तूच! दशम्या करून ठेवल्या आहेत.

१० जून, रविवार
कांद्याच्या बाजाराच्या मागे एक अरुंद गल्ली. वळण न वळण यांना पाठ. पत्र्याचं घर. "हॉर्न दे," म्हणाले. दिला.

चार-पाच वर्षांची मुलगी पळत आली – "आप्पा आले! आई, आप्पा आले!" भुवया हुबेहूब यांच्या. तिच्यामागे एक बाई, हात पिठाचे. यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोक्यावर पदर घेतला. म्हणाली, "मालनबाई ना तुम्ही? चार महिने झाले. मला कुणी सांगितलंच नाही."

हे मुलीचा हात धरून रडत होते. माझ्याकडे बघितलं नाही.

ती एका बाजूनं, मी एका बाजूनं – धरून आत नेलं, खाटेवर बसवलं. गोळ्यांची पुडी तिच्या हातात दिली. सकाळी एक, संध्याकाळी अर्धी, जेवल्यावर. तिनं दोनदा म्हणून दाखवलं.

गल्लीतल्या माणसांनी गाडी वळवून दिली. एकटी आले.

उद्या शाळा.