लशीसाठी पुढे केलेला दंड

आई,

परवा डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडावरचा वण पाहून विचारलं, हा कसला? मी पटकन म्हटलं, लहानपणी देवी टोचली होती. तू गेलीस त्यालाही किती वर्षं झाली, आणि खोटं अजून ओठांवर तयार.

कुष्ठरोगाच्या गोळ्या आणायला तू घाटकोपरहून दोन बस बदलून मुलुंडला जायचीस. आपल्या गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता, पण तिथे चाळीतलं कुणीतरी भेटलं असतं. शेजाऱ्यांना सांगायचो, संधिवात आहे. एकदा मी सोबत आले, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, रोग होऊच नये म्हणून एक लस तपासून बघतोय, रोग्याच्या घरच्या निरोगी माणसांवर. मनात असेल तरच या. कुणाला खरी लस मिळेल, कुणाला नुसतं मिठाचं पाणी, ते आधी सांगणार नाही. तू मनगट धरून मला बाहेर ओढलंस. "कागदावर माझां नाव लागतलां. तुझां लगीन ठरता हा, कळता मां?" तरी पुढच्या आठवड्यात कारखान्यातून अर्धी रजा टाकून मी गेले आणि सही केली.

दंडावर फोड आला, चिघळला. लांब बाह्यांचा ब्लाउज घालून मी तो लपवला आणि तुला कळेल या भीतीने तपासणीची तारीखही चुकवली. म्हणून एका रविवारी दवाखान्याचा माणूसच चाळीत आला. तू स्टोव्हवर पोहे परततेयस. मुलाची मावशी खाटेवर बसलीय, साखरपुड्याचा दिवस धरायला. तो दारातून माझं नाव घेतो. "सुई टोचलेली जागा बघायचीय." समोरच्या काकू गॅलरीत थबकतात. मावशी विचारते, "मुलीला काय झालंय?" मी ब्लाउजची बाही खाली ओढते. सुईचं तुला तोवर ठाऊकही नव्हतं. तू स्टोव्ह बंद करतेस, पदराला हात पुसतेस. "महारोग माका झालो. गोळ्यो चालू आसत. पोरगी चांगली आसा. तिका होव नये म्हणान सुई घेतल्यान." मावशी पोहे न खाताच उठली.

लग्न मोडलं. काकूंनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. पाचव्या दिवशी कोमट पाण्याने फोड पुसताना एवढंच म्हणालीस, "माका इचारूचां तरी होतां गो." पुढे तू पुरती बरी झालीस. माझंही लग्न झालं, उशिरा, सगळं आधी सांगून. मला रोग झाला नाही. लशीमुळे की तसाच, कोण सांगणार.

नंतर तू ज्याला त्याला सांगायचीस, माझ्या पोरीने दुसऱ्यांसाठी दंड पुढे केला. मी ऐकून घ्यायचे. आज लिहितेय, तेही घडी घालून कपाटातच ठेवणार आहे. दुसरं कुणी माझ्या मनात नव्हतं गं. तुझ्या हातची भाकरी खाताना मला भीती वाटायची. फोड आला, म्हणजे ते नुसतं पाणी नव्हतं, असं मीच ठरवलं. आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तुझ्यासमोर बसून पोटभर जेवले.