पालखी दारात होती तेव्हा

स्वराज,

मी महाडला ड्युटीला निघाले. तुला उठवलं नाय, आज भांडायची ताकद नाय माझ्यात. भाकऱ्या टोपलीत हायत. बाबांना जेवल्यावर गोळी दे आणि पाठीखाली उशी लाव.

काल शिमग्याची पालखी दारात आली तेव्हा तुला किती हाका मारल्या. तू आतल्या खोलीत हेडफोन लावून मित्रांना समजावत होतास, हा गेम विंडोज नसलेल्या, लिनक्सच्या कॉम्प्युटरवर पण चालतो, फक्त पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ घेतो. मी दार ढकललं तर म्हणालास, "ताई, थांब गो, स्क्रीनवरची पट्टी भरत आलीय. आता बंद केला तर सगळं पयल्यापासून." मी थांबले असते रे. पालखी किती थांबणार?

आपल्या अंगणात दरवर्षी बाबा खांदा देतात. ढोल ऐकून ते खाटेवरून उठायला गेले आणि कळवळून तिथंच बसले. शेवटी शेजारच्या गोमाजीकाकांनी आपल्या घरचा म्हणून खांदा दिला. नारळ घेताना त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, पोरगा नाय आला यंदा?"

आई म्हणाली, "नाय हो, मुंबईलाच हाय. सुट्टी नाय मिळाली त्याला."

तुझ्या हसण्याचा आवाज आतून येत होता. ढोल वाजत होते म्हणून बरं.

परवा रात्री तू आलास ते कुणी बघितलं नाय. आज बाहेर पडलास आणि कुणी विचारलं, तर सकाळच्या गाडीनं आलो म्हण. आईला खोटं पाडू नको.

ताई